दमलेला माणूस असाच बोलतो

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला, रोज उत्तर द्यायचं ठरवते आणि रोज वह्यांचा गठ्ठा समोर येतो. आज गठ्ठा बाजूला ठेवलाय, कारण त्यातलंच एक उत्तर तुला सांगायचंय.

आमची परिस्थिती तुला माहितीये. वर्गात ५२ पोरं, पुस्तकं १९, त्यातल्या चारांची पानं सुटलेली. म्हणून मी अख्खी कथा मोठ्याने वाचते, दोन-तीन तास गेले तरी चालतील. स्टाफरूममध्ये म्हणतात मॅडम ह्यांना धड वाचता येत नाही, सारांश द्या, प्रश्नोत्तरं उतरवून घ्या, पास होतील. पहिली दोन वर्षं मी तेच केलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर परवा एक कथा घेतली. बाप रात्री कामावरून येतो, मुलगी चित्र दाखवायला धावते, तो न बघताच म्हणतो, ठेव तिकडे. गाईडमध्ये उत्तर तयार: वडील तापट व निष्ठुर होते. मागच्या बाकावर एक मुलगा आहे, वाचायला उभा केला की अक्षरावर बोट ठेवून अडखळतो, मग पोरं हसतात म्हणून गप्प बसतो. तो बसल्याजागी म्हणाला, "मॅडम, तो चिडला नाहीये. त्यानी चप्पल पण काढली नाहीये अजून. दमलेला माणूस असाच बोलतो."

मी पान परत बघितलं. खरंच, चप्पल काढल्याचं तीन वाक्यं पुढे येतं. सहा वर्षं मी ही कथा शिकवतेय रे, आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बीएडला आपण रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांचा १९८८चा अभ्यास पाठ केला होता, आठवतं? सातवी-आठवीची ६४ मुलं, बेसबॉलच्या मॅचवरचा उतारा, आणि वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, उतारा समजण्यात वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्यांपेक्षा पुढे गेली. तेव्हा मार्कांपुरतं लिहिलं, आता रोज डोळ्यासमोर दिसतं. उलटंही दिसतं. गेल्या महिन्यात जहाजावरच्या प्रवासाचा धडा घेतला तर वर्ग एकदम गार, डेक म्हणजे काय इथपासून सुरुवात. आता असा धडा असला की आधी अर्धा तास नुसत्या गप्पा, मोबाईलवर फोटो दाखवते, फळ्यावर वेडंवाकडं जहाज काढते, आणि मगच पुस्तक उघडते. हा अर्धा तास पोर्शनमध्ये कुठेच बसत नाही, पण तो सोडला तर पुढचं सगळं वाया जातं.

चाचणीत त्या मागच्या बाकावरच्या मुलाने दोनच ओळी लिहिल्यात. "तो दमला होता. चपल नंतर काडली." मी चारपैकी चार दिले. मार्क पडताळणाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो परिच्छेद वाचून दाखवला, मग काही बोलले नाहीत. पण वार्षिक परीक्षेचा पेपर दुसरं कोणीतरी तपासणार, हातात उत्तरसूची घेऊन, आणि तिथे तापटच असणार. काल त्याने मला विचारलं, "मॅडम, तिथे काय लिहू?" मी म्हटलं, उद्या सांगते.

रात्रभर डोक्यात तेच चाललंय. गाईडमधलं लिही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि माझ्या हट्टापायी त्याचे मार्क जावेत असंही वाटत नाही. तू इतकी वर्षं पेपर तपासतोयस, तुझ्यासमोर हे उत्तर आलं तर तू काय करशील? खरं सांग. आणि सकाळी सातच्या आत फोन कर.

तुझी मैत्रीण