भुऱ्याला उचलायचंय, पण सावकाश

प्रिय अनू,

तुझं पत्र मिळालं. तुझा ससा भुऱ्या उचलायला गेलं की उसळतो आणि ओरखडे काढतो, हे वाचलं. हातावरच्या ओरखड्यांचा फोटोही पाहिला. औषध लावलंस ना?

बाकी सगळं पटलं, पण ‘भुऱ्याला मी आवडतच नाही’ हे काही पटलं नाही. तू खाली बसलीस की तो तुझ्याभोवती घिरट्या घालतो, मांडीला नाक लावतो, असं तूच लिहिलंयस. म्हणजे तू त्याला आवडतेस. आवडत नाही ते उचलणं, आणि ते जवळजवळ कुठल्याच सशाला आवडत नाही. तुमच्याकडे आधी मांजर होती, म्हणून तुला हे जास्त लागतंय. मांजर स्वतः शिकारी, त्यामुळे तिला उंचावर मजा वाटते. ससा पडला भक्ष्य. त्याची सगळी भिस्त पळण्यावर. वरून काहीतरी आलं, अंगाला पकड बसली आणि पाय जमिनीवरून सुटले, याचा रानात एकच अर्थ होतो: घारीने उचललं, खेळ खलास. भुऱ्याने घार जन्मात पाहिली नसेल, पण अंगात मुरलेली भीती थोडीच जाते!

म्हणून आपण काय साधायचं ते आधी ठरवून घे. तो तुझ्या कुशीत लाडाने लोळेल ही आशा सध्या बाजूला ठेव. उचललं तरी काही वाईट होत नाही आणि लगेच खाली सोडतात, एवढं त्याला पटलं तरी पुष्कळ झालं. काही ससे पुढे मांडीवर तासन्‌तास बसतात, काही कधीच बसत नाहीत.

घाई करू नको म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. सशाची हाडं फार हलकी असतात. त्याचा अख्खा सांगाडा वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के भरतो, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र दणकट. हवेत घाबरून जोरात लाथ झाडली, की स्वतःच्याच जोराने कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. त्यामुळे शिकताना उभं राहून उचलायचंच नाही, जमिनीवर बसूनच. कानाला धरून उचलणं तर कधीच नाही, आणि मानेची कातडी धरूनही नाही, कोणी कितीही ‘आम्ही असंच धरायचो’ म्हणालं तरी.

आता प्रत्यक्ष करायचं काय? सुरुवातीला उचलूच नकोस. ससे पहाटे आणि संध्याकाळी तरतरीत असतात, तेव्हा त्याच्या जागेत पुस्तक घेऊन बस आणि त्याच्याकडे चक्क दुर्लक्ष कर. तो येईल, हुंगेल, बाही ओढेल. हात त्याच्या नाकासमोरून नेऊ नकोस. सशाला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण बरोबर नाकापुढचं तेवढं दिसत नाही, मग तिथे अचानक बोटं उगवली की तो दचकतो. बाजूने, खालच्या पातळीवरून हात ने. कपाळ, गाल, कानांच्या मुळाशी कुरवाळ. पोटाला आणि पायांना इतक्यात हात नको. मधूनच कोथिंबिरीची एखादी काडी दे.

कुरवाळताना तो अंग सैल सोडून पसरायला लागला, की एक तळवा हळूच छातीखाली सरकव. फक्त सरकव आणि काढून घे, मग खाऊ. हे त्याला नेहमीचं वाटू लागलं की दुसरा हात बुडाखाली ने. तेही अंगवळणी पडलं की दोन्ही हातांनी त्याचं वजन नुसतं तोलून बघ, पाय जमिनीला टेकलेलेच. मग बोटभर वर, लगेच खाली, लगेच खाऊ. कधी दोन पावलं मागे यावं लागेल, तर यायचं. किती दिवस लागतील ते विचारू नकोस, ते भुऱ्या ठरवेल.

खरं उचलशील तेव्हा छाती आणि बूड एकदम, एका लयीत उचल आणि त्याची बाजू तुझ्या पोटाशी टेकव. चारही पायांना कशाचा तरी आधार लागला पाहिजे. मागचे पाय लोंबकळले की तो हमखास झाडणार. तोंड तुझ्या कोपराच्या खाचेत लपवलं तर बरेच ससे शांत होतात. पकड घट्ट हवी, पण आवळून नको. आणि तान्ह्या बाळासारखं पाठीवर उताणं धरायचं नाही. ‘उताणा केला की कसा गप्प पडतो बघ’ असं कौतुकाने दाखवणारे भेटतील. ते गप्प पडणं म्हणजे भीतीने गोठणं आहे. तेव्हा आतून तो घाबरलेलाच असतो.

गप्प असणं म्हणजे खूश असणं नव्हे, हे एरवीही ध्यानात ठेव. कान पाठीला चिकटलेले, डोळे वटारून कडेचं पांढरं दिसतंय, अंग दगडासारखं ताठ, तर तिथेच थांब. दात अगदी हलके, कुटुकुटु वाजत असतील तर तो सुखात आहे. तेच करकर मोठ्याने चावत असेल तर बहुधा काहीतरी दुखतंय. मागचा पाय धप्पकन आपटला तर त्याचा निरोप तुला कळलाच असेल.

उचलण्यापेक्षा सोडताना जास्त गडबड होते. जमीन दिसली की ससा हातातून उडी घेतो. म्हणून आधी पूर्ण खाली बस, चारही पाय टेकेपर्यंत पकड सोडू नकोस, आणि पिंजऱ्यात ठेवताना त्याचं तोंड तुझ्याकडे करून मागून आत सरकव. मध्येच धडपडायला लागला तर काही जण म्हणतात, शांत होईपर्यंत धरूनच ठेवायचं, नाहीतर त्याला लाथेची सवय लागते. मला ते पटत नाही. पोटाशी जवळ धर, खाली बस आणि सोड. लाथेची सवय मोडता येते, मणका जोडता येत नाही.

उचललं की नखं कापणार किंवा औषध पाजणार, असं झालं तर तो तुला बघूनच पळेल. त्यामुळे अधूनमधून काहीच न करता उचल आणि सोड. आणि जिथे उचलणं टाळता येईल तिथे टाळ. प्रवासाची पेटी दार उघडी ठेवून, आत सुकं गवत घालून खोलीतच राहू दे. तो आपला आपण आत जायला शिकला की दवाखान्याच्या दिवशी झटापट नको. तुझ्या भाच्याला सांग, ससा हवा तर खाली मांडी घालून बस, कडेवर घ्यायचं नाही. या बाबतीत त्याचे अजिबात लाड करू नकोस.

एक मात्र विचारायचं राहिलं. हे उसळणं पहिल्यापासून आहे, की आधी उचलू द्यायचा आणि आता अचानक देत नाही? अचानक असेल तर सराव बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना दाखव. तळपायाला जखम, दात, सांधे, काहीही असू शकतं. आणि 10-12 तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच जायचं.

नखांसाठी टॉवेलात गुंडाळायचं कसं, ते लिहून नीट सांगता येत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल कर, दाखवते. जाडसर टॉवेल आणि लांब बाह्यांचा सदरा तयार ठेव.

तुझी,
मेधा