अंगठा ऐकत नाहीये

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो माझ्या उजव्या अंगठ्यामुळे. दुखावला वगैरे नाही रे, ऐकत नाहीये. पन्नाशीत गिटार धरली की हेच होणार, हे तू लिहिण्याआधीच आमच्या हिने ऐकवून झालंय.

तू फोनवर म्हणालास, ब्लूज, म्हणजे ते काळ्या अमेरिकनांचं लोकसंगीत, नुसतं दारू आणि रडगाणं. तेव्हा मी गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटायचं. मग मिसिसिपी जॉन हर्ट हा जुना गिटारवाला गायक ऐकला. आवाज असा की म्हातारा पडवीत बसून नातवंडांना गोष्ट सांगतोय. गोष्ट मात्र खुनाची! ‘फ्रँकी’ गाण्यात बाई आपल्या बेइमान माणसाला गोळी घालते आणि हा बाबा ते शेजारच्या घरची बातमी सांगावी तसं गातो. कुठे आरडाओरडा नाही.

अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यातला माणूस, मिसिसिपी राज्यातला. लहानपणी आपला आपणच गिटार शिकला. पोट शेतमजुरीवर, वाजवणं गावातल्या नाचगाण्यापुरतं. विली नार्मर हा गोरा फिडलवाला त्याच्याबरोबर वाजवायचा, त्याने ओके या तबकड्या काढणाऱ्या कंपनीला हर्टचं नाव सांगितलं. १९२८ मध्ये कंपनीने आधी मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला नेऊन त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली बाराच बाजारात आली. खपली बेताचीच, पाठोपाठ महामंदी आली आणि हा परत शेतमजुरीवर. पस्तीस वर्षं! त्या काळात कडवटपणा किती साठला असता, तुझ्या-माझ्यात तरी साठला असता.

न्यूयॉर्कला असताना मात्र त्याला गावाची आठवण आली आणि त्याने ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ गायलं. गाण्यात गावाचं नाव. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांमधून लोकसंगीताचा मोठा संग्रह काढला, त्यात हर्टची दोन गाणी घेतली. नवी पोरं ऐकू लागली, पण माणूस कुठेय? १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुणाने ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ ऐकलं, जुन्या नकाशात अ‍ॅव्हलॉन शोधलं आणि थेट गाठलं. दुकानापाशी विचारलं, तर तिथल्या लोकांनी टेकडीवरची तिसरी टपालपेटी दाखवली, असं सांगतात. हर्टला आधी वाटलं, एफबीआयवाले आले! बिचारा. मिसिसिपीतल्या काळ्या माणसाच्या दारात तेव्हा अनोळखी गोरा उभा राहिला, तर आणखी काय वाटणार?

त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आला. सत्तरीचा, डोक्यावर फेल्ट हॅट. पुढची तीनच वर्षं मिळाली. नोव्हेंबर १९६६ मध्ये मिसिसिपीतल्याच ग्रेनाडा गावी वारला. अ‍ॅव्हलॉनजवळच.

आता अंगठ्याचं सांगतो. हर्टचा अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, पाचवी-चौथी, पाचवी-चौथी, घड्याळासारखा. तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, तीही ठेक्याच्या मधल्या फटीत. तू तबला शिकला आहेस, डग्ग्यावर एक आणि चाटीवर दुसरंच म्हणजे काय ते तुला कळेल. इथे ते एकाच हातात! अनामिका आणि करंगळी लाकडावर टेकवायच्या, म्हणजे हात भटकत नाही. अंगठ्याने एकट्याने चालायचं असतं. माझा अंगठा मात्र बोटं हलली की थांबतो, गल्लीत सायकल शिकणाऱ्या पोराने वळून आईकडे बघावं तसा.

परवा दोन आवर्तनं धरली. तिसऱ्याला चाल नीट लागली म्हणून मी खूश झालो आणि अंगठा तिथेच गप्प. बाहेरून हिचा आवाज आला, “झालं का?” अर्थ ‘संपलं का’ असा होता.

आणखी एक. त्याचं ‘कॉफी ब्लूज’ ऐक. त्यातल्या शब्दांवरून एका अमेरिकन बँडने स्वतःचं नाव ‘लव्हिन स्पूनफुल’, म्हणजे प्रेमाचा चमचाभर, असं ठेवलं. गाणं ऐकलंस की त्या चमच्यात कॉफीच आहे का, असा प्रश्न तुला पडेल. मला पडला.

दिवाळीत येशील तेव्हा माळ्यावरची तुझी जुनी गिटार घेऊन ये. तारा गंजल्या असतील, नव्या मी आणून ठेवतो. डग्गा तुझा, अंगठा माझा, कोण आधी चुकतो बघू.

तुझा,
अव्या