सिस्टर, तुम्ही दात कशानं घासता ते विचारलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

केसपेपरवर ‘धूम्रपान : नाही’ असं लिहिलेलं होतं. खोटं नव्हतंच ते. मावशींनी जन्मात विडी ओढलेली नाही. कंबरेचे मणके जोडायचं ऑपरेशन झाल्यावर आधीच्या ठिकाणी तेवढ्यावर भागवलं, हाड जुळून यायला मदत करणाऱ्या, पट्ट्यासारख्या बांधायच्या मशीनचा खोका हातात दिला आणि ‘रोज लावा’ म्हणून मोकळे झाले. तुम्ही पडदा ओढलात, मुलाला चहाला पिटाळलंत आणि हळूच विचारलंत, “मावशी, सकाळी दात कशानं घासता?”

मशेरी. दिवसातून चारदा.

कंबरेचे मणके जोडताना घातलेले स्क्रू आणि रॉड नुसते धरून ठेवतात. मधे भरलेल्या हाडाचा सांधा पक्का व्हायला ६ ते १२ महिने जातात. तो झालाच नाही तर स्क्रू सैल होतात, नाहीतर रॉड मोडतो. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात. ते धुरातून आलं काय नि हिरडीतून आलं काय, हाडाला सारखंच. सवय सोडवायच्या च्युइंगममध्येही निकोटिनच असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलंत. आम्ही फिजिओथेरपीवाले पट्ट्याचे तास मोजत बसलो होतो!

ताण पडला की हाडात वीज तयार होते, हे जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ साली दाखवलं. तिथून निघालेली ही मशीनं बरी आहेत, पण रक्तातली साखर नि तंबाखू ताब्यात नसताना त्यांच्यावर भार टाकणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

पट्ट्याचंही तुम्हीच नीट समजावलंत. मावशींच्या चुंबकी पट्ट्याला रोज २ तास. मानेच्या पट्ट्याला ४ तास लागतात, एका प्रकाराला अर्धा तास पुरतो, आणि कातडीला चिकटवायचे इलेक्ट्रोड जवळजवळ दिवसभर ठेवावे लागतात. शेजारणीच्या मशीनवरून तास ठरवले की घोळ झालाच. पट्टा बरगड्यांकडे सरकला तरी मशीन तास मोजत राहतं, ऑपरेशनच्या जागी मात्र काही पोचत नाही. म्हणून तुम्ही मधोमध पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून दिलात. आणि मुख्य म्हणजे, “लावल्यावर काहीच जाणवणार नाही, मुंग्या नाहीत, कळ थांबणार नाही” हे आधीच सांगून ठेवलंत. दुखणं कमी करायला कातडीवर विजेचे हलके झटके देणारं टेन्स मशीन असतं, तसलं हे नव्हे. ते न कळल्यामुळे कित्येक पट्टे पंधरा दिवसांत कपाटावर जातात.

पेशंटला न ओरडता खरं बोलतं करायचं, हे कुठल्या कोर्सात शिकवतात कोण जाणे. खूप आभार, सिस्टर.

मशेरीची डबी मावशींनी तुमच्याकडेच ठेवलीय. पुढच्या सीटी स्कॅनच्या दिवशी लाडीगोडी लावून मागतील. देऊ नका.