रविवारी विठ्ठलवाडीला मुठाकाठी काम : सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला विठ्ठलवाडीच्या देवळापाशी जमायचं आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, जुने बूट, हातमोजे आणि पाण्याची बाटली आणा. कुदळी-फावडी तिथे मिळतील.

काम दोन प्रकारचं आहे. काठावर माजलेली सुबाभूळ आणि घाणेरी काढायची. सुबाभळीची रोपं मुळासकट उपटा. नुसती छाटली तर महिन्याभरात दुप्पट जोमाने फुटतात. मोकळ्या झालेल्या जागी पाण्यालगत वाळुंजाच्या फांद्या खोचायच्या, वरच्या अंगाला करंज आणि उंबर. वाळुंज ओल्या मातीत फांदीवरूनही रुजतो, पुरात वाकतो पण उखडत नाही, आणि त्याची मुळं काठाची माती धरून ठेवतात. उंबराला फळं धरली की पाखरं आपोआप येतील.

कृपया गुलमोहर, अशोक वगैरे बागेतली रोपं आणू नका. प्रेमाने आणलेलं रोप परत पाठवताना वाईट वाटतं!

इथून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत आणि पुढे येरवड्याच्या सालिम अली पक्षी अभयारण्यापर्यंत झाडांचा पट्टा सलग असावा, हा आपला आग्रह आहे. मधेमधे तुटलेल्या हिरवळीचा मुंगसाला, सरड्याला फारसा उपयोग नाही. चालायला पायवाट हवीच, पण मातीची. काँक्रीटच्या काठात खंड्या बीळ कुठे करणार?

खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग सुरू झाला तर कार्यक्रम रद्द. शनिवारी रात्री ग्रुप पाहूनच निघा. लहान मुलांना पाण्याजवळ सोडू नका. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा, पोहे त्या हिशोबाने होतील.