आयसीयूत व्हेरिएंट कसा दिसतो: लेकीला पत्र

मिरज

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटीवरून आल्यावर ऐकला. सोमवारपासून तुझी आयसीयूची पोस्टिंग, आणि हॉस्टेलवरच्या मुलींनी 'कोविडचा नवा व्हेरिएंट आलाय, परत २०२१ सारखं होणार' म्हणून तुला घाबरवून सोडलंय. फोनवर सांगायला गेले की तुझ्याकडे कुणीतरी हाक मारतं नाहीतर माझ्याकडे कुकर होतो. म्हणून लिहूनच पाठवते. लांबलंय जरा, दोन दिवसांत वाच.

आधी हे लक्षात घे की बेडवरच्या पेशंटचा व्हेरिएंट कुठला, हे त्या वेळी आम्हा आयसीयूतल्या सिस्टरांना कधीच कळलं नाही. आरटीपीसीआर फक्त कोविड आहे की नाही एवढंच सांगते. नाव कळायला जनुकीय तपासणी लागते. त्यासाठी मोजके नमुने पुढे जायचे आणि उत्तर येईपर्यंत पेशंट एकतर घरी गेलेला असायचा, नाहीतर गेलेलाच असायचा. एक खूण होती तेवढी. काही किटमध्ये तीन जीन तपासतात, त्यातला एस जीन सापडला नाही की डॉक्टर म्हणायचे, हा ओमायक्रॉन दिसतोय. डेल्टात तो सापडायचा. पण त्यावरून कुणी व्हेंटिलेटरचं सेटिंग बदललेलं मी पाहिलं नाही.

मग फरक काहीच नव्हता का? होता. तो दारात दिसायचा.

२०२० च्या सप्टेंबरात आमच्याकडे आले ते बहुतेक वयस्कर. साखर, बीपी, कुणाची किडनी आधीच कमजोर. ताप येऊन आठवडा झाला की दम लागायचा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात डेल्टा आला आणि दारातली माणसंच बदलली. जत, आटपाडी, तासगाव, तिकडून अथणी-कागवाड. पस्तिशी-चाळिशीतली माणसं, नवरा एका बेडवर, बायको दुसऱ्या वॉर्डात, सासू आधीच गेलेली. (कन्नड मला येत नाही हे तुला माहीत आहे, पण 'उसिरु तगोळ्री', म्हणजे श्वास घ्या, एवढं तोंडात बसलं.) तरुण जास्त का आले, याला नुसता विषाणू कारण नव्हता. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली होती, अठरा वर्षांपुढच्यांना मेपर्यंत थांबावं लागलं. वर पसरण्याचा वेग असा, की घरात एकाला झालं की सगळ्यांना. राज्यात आकडे उतरले तरी आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरकडे जुलैपर्यंत उतरेनात, आणि त्यातच महापूर आला. ते तुला आठवतच असेल, तू तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघत होतीस.

मग जानेवारी २०२२. ओमायक्रॉनमध्ये दारातले पेशंट परत बदलले. मांडीचं हाड मोडलं म्हणून आलेली आजी, डायलिसिसवाले, बाळंतपणाला आलेली मुलगी. तपासलं की पॉझिटिव्ह. तो विषाणू श्वासनळ्यांत जोरात वाढायचा, खाली फुप्फुसाच्या पेशींत त्या मानाने कमी. शिवाय तोवर बहुतेकांच्या अंगात लस नाहीतर जुना संसर्ग होताच. त्यामुळे बेड रिकामे राहिले आणि आजारी पडलो आम्ही, ड्युटीला माणूस मिळेना. पण 'ओमायक्रॉन म्हणजे साधी सर्दी' असं तुला कुणी सांगितलं तर हाँगकाँगचं उदाहरण दे. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे लस न घेतलेले म्हातारे भराभर गेले. कोविड त्यांनाही 'सौम्य'च झाला होता म्हणायचा की काय?

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. इंग्लंडमध्ये अल्फा, म्हणजे डेल्टाच्या आधीचा व्हेरिएंट, पसरला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हजारो पेशंटची नोंद तपासली. २०२१ मध्ये ते छापून आलं. अल्फा झालेल्याला आयसीयूत जावं लागण्याचा धोका जुन्या विषाणूच्या जवळजवळ दुप्पट निघाला. पण एकदा आयसीयूत पोचल्यावर माणूस वाचतो की नाही, यात अल्फा की जुना असा फरक दिसला नाही. आमच्या इन्चार्ज मॅडमनी हे वाचून दाखवलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. फुप्फुस एवढं बिघडल्यावर पुढचं सगळं सारखंच असतं.

औषधांकडे बघ म्हणजे पटेल. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त १० दिवस. काही रुपयांचं इंजेक्शन. जून २०२० मध्ये त्याच्या चाचणीचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ते विषाणूला हातच लावत नाही, शरीराचा स्वतःचा भडका आवरतं. म्हणून व्हेरिएंट कितीही बदलले तरी ते चाललं. उलट ते अँटिबॉडीचं कॉकटेल आठवतं? मे २०२१ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा एका डोसचे ५९,७५० रुपये. ते थेट विषाणूच्या अंगावरच्या काट्यांना चिकटायचं. ओमायक्रॉनचे काटे बदलले आणि ते कुचकामी ठरलं.

स्टेरॉइडची दुसरी बाजूही सांगते, कारण तुला नातेवाइकांना विचारावं लागेल. ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला त्याचा फायदा नाही. डेल्टाच्या वेळी कितीतरी जण घरीच तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडच्या मूठभर गोळ्या घेऊन आले, साखर चारशेच्या वर. मग गाल बधिर, डोळा सुजलेला, तोंडात टाळूवर काळा डाग. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. त्याला डेल्टा किती कारणीभूत आणि साखर-स्टेरॉइड किती, यावर डॉक्टर लोक वाद घालत बसतात. मी साखर बघते.

आणि मग, एवढं सगळं सारखं असताना २०२१ मध्ये इतकी माणसं का गेली, असं तू विचारशील. माझ्या मते गर्दीमुळे. एक जम्बो सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. हाय फ्लोवरच्या (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवरच्या) एका पेशंटला मिनिटाला ६० लिटर दिले तर तो दोन तासही पुरत नाही. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हवी. आमच्याकडे एकीला तीन, कधी चार. सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढणं, उशिरा, कूस बदलायला उशीर, त्यातून जखमा, त्यातून दुसरे जंतू. व्हेरिएंटने पेशंट दुपटीने पाठवले, आणि आमचे हात होते तेवढेच होते. हे कुठल्याच डेथ सर्टिफिकेटवर आलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

त्यामुळे नवं नाव कानावर आलं की मी दोनच गोष्टी विचारते: ऑक्सिजनवर किती जण गेले, आणि ते कोण आहेत. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे-जूनमध्येही नवीन अक्षरं-आकड्यांची व्हेरिएंटची नावं आली, आमच्याकडे धावपळ झाली नाही. तुझ्या मैत्रिणींनाही हेच दोन प्रश्न विचार. पेशंटच्या माणसांना मात्र साखर, लशीचे डोस, तापाचा पहिला दिवस आणि घरी घेतलेल्या गोळ्या, हे सगळं खोदून विचार. पट्टी दाखवा म्हण, 'पांढरी गोळी' ऐकून सोडू नकोस.

तू विचारलंस, प्रोनिंगला, म्हणजे पेशंटला पालथं करताना, हात लावू देतील का. लावू देतील, पण डोक्याकडे नाही. तिथे ट्यूब धरून भूलतज्ज्ञ उभे राहतात आणि वळवायचं 'एक, दोन, तीन' तेच म्हणतात. दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे. पालथं करायच्या आधी डोळ्यांत जेल घालून पट्टी लावायची, नळीतून देणारं जेवण थांबवायचं, ईसीजीचे पॅच छातीवरून काढून पाठीवर लावायचे. छातीखाली आणि कमरेखाली उशी, पोट मोकळं. सोळा तास तसंच ठेवतात, पण मान दर दोन तासांनी फिरवायची. गाल आणि हनुवटी बघत राहा, तिथली कातडी पहिल्यांदा जाते. चेहरा सुजून ओळखू येईनासा होतो, नातेवाइकांना आधीच सांगून ठेव. नवीन मुलींना बहुतेक वेळा लघवीच्या पिशवीकडे उभं करतात. नाक मुरडू नकोस. उलटवताना ती नळी ओढली गेली तर ओरडा तुलाच बसेल.

बाबांनी भडंग पाठवलंय, गेटवर विचार. घड्याळ आणि बांगडी रूमवरच ठेवून जा.

तुझी,
आई