मास्तर, तुमच्या ओळंब्यासाठी आभार

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

तुमच्या गावातून निघून मला चार महिने झाले. निघताना तुम्ही स्टँडवर माझी बॅग एसटीत चढवून दिली आणि आभाराचे दोन शब्द बोलण्यासाठी मी तोंड उघडले, तेवढ्यात ड्रायव्हरला हात करून गाडी पुढे काढायला लावली. तुम्ही ते मुद्दाम केले, याची मला खात्री आहे. तेव्हा अडवलेले बोलणे आता चार लोकांसमक्ष लिहीत आहे, कारण पाकिटात घालून पाठवले असते तर ते तुम्ही वाचून घडी घालून बायबलात ठेवले असते आणि विषय संपवला असता.

मी वसईचा. घरामागे केळीची वाडी आणि बारमाही पाण्याची विहीर असलेल्या कुपारी, म्हणजे वसईतल्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, कुटुंबात वाढलो. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईत जन्मले आणि १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर मारले गेले, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते. मिशनरी होणे म्हणजे दूर देशी जाऊन असे काही भव्य करणे, अशीच माझी समजूत होती. ते संत होण्याआधी कितीतरी वर्षे जपानमध्ये येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइटांच्या, हाताखाली धर्मशिक्षकाचे काम करत होते, पुढे व्यापारी झाले, मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून राहिले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले, एवढे सगळे मी वाचले होते, पण ते भाग मी झपाट्याने उलटत असे. म्हणजे मास्तर, त्यांच्या आयुष्यातला जो भाग तुमच्यासारख्या मिशनवरच्या धर्मशिक्षकाचा होता, नेमका तोच मी वगळला होता.

येशूसंघात नवदीक्षिताची दोन वर्षे, तीस दिवसांचे मौन, मग तत्त्वज्ञानाचा अभ्यास, एवढे सगळे करून ज्याला आमच्याकडे रिजन्सी म्हणतात त्या दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कामासाठी मला नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, तुमच्या मिशनवर पाठवले गेले. वय सव्वीस. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाहिलेल्या माणसाला संगमनेर तालुक्यातल्या त्या उघड्या टेकड्या पाहून पहिल्या संध्याकाळी रडू आले होते, हे आज कबूल करतो. तुम्ही ते पाहिले होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतीही प्रस्तावना न करता तुम्ही मला टेकडीवर घेऊन गेलात.

त्या सकाळचे तपशील मला अजून स्पष्ट आठवतात. बाभळीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी पट्टी, पट्टीच्या मधोमध चाकूने पाडलेली खूण आणि वरच्या गाठीतून सुतळीने लोंबणारे दोनशे ग्रॅमचे जुने लोखंडी वजन, तोच ओळंबा. त्याला तुम्ही ए-फ्रेम म्हणालात, आणि पंचक्रोशीतल्या टेकड्यांवर पाणी अडवण्यासाठी समपातळीत खणलेल्या चरांची आखणी पूर्वी ह्याच साधनाने झाली, असे सांगितलेत. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, सुतळी हलायची थांबेपर्यंत वाट पाहायची, ती खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजायचे आणि तिथे चुन्याची खूण करून एक पाय उचलून पुढे सरकायचे. तुम्ही ते माझ्या हाती दिलेत. सुतळी थांबण्याआधीच मी खूण करून पुढे जात होतो. वीस-पंचवीस खुणा झाल्यावर तुम्ही मला वर उभे राहून माझीच रेघ पाहायला सांगितलीत, आणि ती हळूहळू उताराला लागली होती. अशा रेघेवर चर खणला तर पहिल्या पावसाचे पाणी एका टोकाला गोळा होते, तिथून फोडून बाहेर पडते आणि जिथे माती वाचवायची तिथेच घळ पाडते, एवढे तुम्ही सांगितलेत. मग सगळा चुना पायाने पुसून टाकलात आणि पुन्हा पहिल्या खुणेपाशी जाऊन उभे राहिलात.

फादर हर्मन बाखर यांच्याबद्दल मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा सविस्तर ऐकले. १९४८ साली स्वित्झर्लंडहून आलेला हा येशूसंघीय धर्मगुरू नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात पाणलोटाच्या कामामागे लागला आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक झाला. त्या दशकात गावोगाव चर खणले जात असताना तुम्ही तिशीत होतात. प्रत्येकाला आपल्या शेताजवळ बंधारा हवा असे आणि टेकडीच्या माथ्यावर, जिथे कोणाचेच शेत नाही, तिथे आधी घाम गाळायला कोणी राजी नसे, ही तुमची तक्रार तीस वर्षांनीही ताजी होती. माथा ते पायथा हा त्या कामाचा नियम आहे: वरचे पाणी आधी थोपवायचे, नाहीतर खालचा बंधारा एक-दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. १९७२च्या दुष्काळात बारा वर्षांचे असताना आईबरोबर खडी फोडून सुकडी खाल्लेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना त्याला वेगळा अर्थ येतो. आणि मी, मास्तर, तुमच्या गावात आलो तो थेट बंधारा बांधायलाच आलो होतो.

पहिल्या वर्षी मी काय काय केले, त्याची यादी इथे देत नाही. तुम्हाला ती पाठ आहे. एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा. प्रायश्चित्तकाळात एका वाडीवरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मला बोलायला सांगितले होते. पेत्र ह्या शिष्याने ख्रिस्ताला तीनदा नाकारले, ह्या उताऱ्यावर मी फार आवेशाने बोललो, आणि ख्रिस्ताचे नाव देवळात घेणारे पण कचेरीत लपवणारे आपणही पेत्रच आहोत, असे म्हणालो. कोणी काही बोलले नाही. मला चहा दिला गेला, वर दोन बिस्किटेही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाताना तुम्ही माझ्याकडे एक प्लास्टिकची पिशवी दिलीत आणि आतल्या कागदांच्या झेरॉक्स काढून आणायला सांगितलेत. त्यात एका मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला होता आणि त्याच मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. दोन्हींवर नावे वेगळी होती. कोणाचे, हे इथे लिहिण्याचे कारण नाही.

झेरॉक्सच्या दुकानात रांग होती, म्हणून मला ते कागद वाचायला वेळ मिळाला. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशातील तरतुदीमुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलतींना मुकतो. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या सवलती मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना नाहीत. हे मी पुस्तकात वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण ज्या मुलाला गावाने महारवाड्यातला म्हणून बाजूला ठेवले आणि सरकारने ख्रिस्ती म्हणून, त्याच्या बापाला मी आदल्या रात्री पेत्राची गोष्ट सांगून आलो होतो. माझ्या पूर्वजांना बाप्तिस्मा घेऊन शतके लोटली. नाव लपवावे लागेल अशी वेळ माझ्या घरात कोणावर आलेली नाही, आणि त्या सुखाला मी धैर्य समजत होतो.

मी परत येऊन सर्वांसमोर माफी मागायची म्हणालो. तुम्ही म्हणालात, "माफी-बिफी नको, ब्रदर. पुढच्या टायमाला आधी चहा घेत जा, मग बोलत जा." ह्या एका वाक्यावर मी वर्षभर चाललो. घरात बसायचे, चहा घ्यायचा, शेळी व्यायली का विचारायचे, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि बोलावले तरच प्रार्थना म्हणायची. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटे. प्रार्थनेची तयारी ती हीच, हे कळायला आणखी सात-आठ महिने गेले.

आमच्या येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांनी आत्मपरीक्षणाची एक पद्धत घालून दिली आहे. जो दोष घालवायचा, त्याच्यासाठी वहीत दररोज दोन रेघा आखायच्या, दुपारी आणि रात्री त्यांवर जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके द्यायचे आणि आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची. मी अधीरपणासाठी अशी वही ठेवली होती. एकदा ती तुमच्या हाती लागली आणि ही कोणाची हजेरी, असे तुम्ही विचारलेत. ठिपके कमी होत नाहीत, उलट वाढतच चालले आहेत, असे मी वैतागून सांगितले. त्यावर तुम्ही तुमच्या विहिरीची गोष्ट काढलीत: चर झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर उन्हाळ्यात दोरीला गाठी मारून तुम्ही पाणी मोजलेत आणि गाठ काही वर सरकेना, लोक हसत होते. पुढचे तुम्ही सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाही, कारण तुमच्या त्याच विहिरीवर मी रोज आंघोळ करत होतो. ठिपके वाढले याचा अर्थ मी अधिक चिडू लागलो असा नव्हता, पूर्वी चिडल्याचे माझ्या लक्षातही येत नसे असा होता. हे ध्यानात आल्यावर वहीचा राग गेला. वही अजून चालू आहे. कालच्या रेघेवर चार ठिपके आहेत.

पहिल्याच वर्षीच्या मे महिन्यात मी हे सगळे सोडून घरी जायचे ठरवले होते, हे तुमच्याखेरीज कोणाला माहीत नाही. वरिष्ठांना लिहिलेले पत्र खिशात घालून मी टपाल टाकायला निघालो होतो. तुम्ही पत्राबद्दल काही विचारले नाहीत; जमीन विकायचा विचार मे महिन्यात करू नये, मृग बघून करावा, एवढेच बोललात आणि जनावरांना पाणी दाखवायला गेलात. उदासीनतेच्या काळात आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नातींचा नियम मला तोंडपाठ होता आणि तो मला अजिबात उपयोगी पडला नव्हता. तुमचा उपयोगी पडला. ते पत्र मी मृगानंतर फाडले. मृगात पाऊस आलाच नव्हता, तो जुलैत आला. पण तोवर माझे मन ठिकाणावर आले होते.

दुसऱ्या वर्षी वस्तीवरच्या त्या आजींचा नातू गेला, त्या दिवसाबद्दल लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. मी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातला उतारा काढून, खुणेचा कागद घालून तयार होतो. दारात पोचलो तेव्हा टँकर आला होता आणि त्या घरातले कोणी रांगेत उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते. तुम्ही माझ्या हातातले बायबल काढून घेतलेत आणि हंडा दिलात. पुढचे चार दिवस मी त्या घरी पाणी भरले आणि एकही उतारा वाचला नाही. पाचव्या दिवशी आजींनी स्वतःहून मला जपमाळ म्हणायला सांगितले. त्या दिवशी मी जी प्रार्थना केली, तिच्यात माझा आवाज माझ्याच कानांना ऐकू आला नाही. एरवी तो मला नेहमी ऐकू येत असतो. चांगला लागला की नाही, हेही मी ऐकत असतो. तशी प्रार्थना त्यानंतर दोन-तीनदाच झाली असेल. पण ती होऊ शकते हे आता मला ठाऊक आहे.

आता मी पुण्यात आहे. ईशज्ञानाचा अभ्यास सुरू झाला आहे, वर्गात माझ्याहून लहान मुले आहेत आणि त्यांना ग्रीक माझ्यापेक्षा लवकर येते. पूर्वी ह्याचा मला त्रास झाला असता. तिशी ओलांडलेले इग्नाती बार्सिलोनात पोरांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले, हे आठवून मी स्वतःची समजूत घालतो, आणि ते पुरले नाही तर पुसलेला चुना आठवतो.

मिशनरी हा शब्द आपल्याकडे उच्चारला की समोरच्याच्या कपाळावर आठी येते, हे तुम्हाला माहीत आहे. येथे कोणी मला विचारले की मिशनवर असताना तुम्ही किती लोकांना बदललेत, तर मी खरे तेच सांगतो: एकालाही नाही. एकाला बदलण्याचे काम तिथल्या एका मास्तरांनी हाती घेतले होते, ते अर्धवट आहे, आणि त्या कामाचा पगार त्यांना कोणी दिलेला नाही. तुमच्या कामाला मिशनच्या वहीत धर्मशिक्षक असे पद आहे. सुवार्ता सांगायला परदेशातून आलेल्यांची नावे फलकांवर आहेत, तुमच्यासारख्यांची बहुतेक ठिकाणी नाहीत, ही गोष्ट मला खटकते आणि तुम्हाला ती कधीच खटकली नाही.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला येणार आहे. आदल्या रात्री मुक्कामाला तुमच्याकडेच येईन. माईंना सांगा की भाकरी आणि ठेचा पुरे, कोंबडी कापू नये.

आणि एक कबुली राहिली. ए-फ्रेमचे ते लोखंडी वजन मी न विचारता बॅगेत घालून आणले. इथे ते माझ्या टेबलावर आत्मपरीक्षणाच्या वहीवर ठेवलेले असते. माई ते मांजरीच्या भयाने दुधाच्या झाकणावर ठेवत असत आणि गेले चार महिने घरात त्याचा शोध चालू असणार. यात्रेला येताना घेऊन येतो. तोवर माझे नाव सांगू नका.

आपला,
ब्रदर