खांदा धरला म्हणून शुगरची गोळी बंद?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात रंकाळ्यावर फिरताना आमच्यातल्या एकानं सांगितलं, खांदा धरलाय म्हणून शुगरची गोळीच बंद केली. का तर मोबाईलवर मेसेज आला, ग्लिप्टीनवाल्या गोळ्यांनी सांधे जातात. हाच शहाणपणा मी दोन वर्षामागं केलाय, म्हणून लिहायलोय.

माझं लक्ष्मीपुरीत किराणा दुकान. आधी वरच्या फळीवरचा तेलाचा डबा काढायला हात जाईना, मग मागच्या खिशातलं पाकीट निघेना, शर्ट घालताना बायको बाही धरून उभी. मला वाटलं गोळीच नडली, तीन महिने बंद ठेवली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.४ वरनं १०.२ वर गेलं आणि खांदा काय सुटला नाही, उलट रात्री त्या कुशीवर झोपायची पण सोय राहिली नाही.

आता मेसेज अगदीच खोटा न्हवता. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१५ मध्ये सिटाग्लिप्टीन, लिनाग्लिप्टीन अशा गोळ्यांनी काही जणांना जोराची सांधेदुखी होऊ शकते असं सांगितलंय. पण डॉक्टरला न विचारता गोळी बंद करू नका हे पण त्यातच आहे, ती ओळ तेवढी फॉरवर्ड करणारे गिळतात. आणि फ्रोजन शोल्डर, म्हणजे हे खांदा धरणं, तर शुगरवाल्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की कोलाजेनला, म्हणजे सांध्याभोवतीच्या आवरणातल्या तंतूंना, चिकटत जाते, तंतू एकमेकांत अडकतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पाकात पडून वाळलेली सुतळी, वाकवाय गेलं की कडक.

दुसरं म्हणजे खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही दिवस शुगर चढते. मला हे कुणी आधी सांगितलंच नाही, घरच्या मशीनवर ३१८ बघून घाम फुटला! तपासणीला गेलं की पाय बघतात, डोळे बघायला पाठवतात, पण हात पाठीमागं नेऊन दाखवा असं मला आजवर एकदाही कुणी म्हणालं नाही. तुमच्या आरोग्य पानावर याच्यावर एखाद्या हाडांच्या डॉक्टरकडनं लिहून घ्या की.

त्या गड्याला मी दुसऱ्या दिवशी त्याच्या डॉक्टरकडं नेला, गोळी तीच ठेवायची का बदलायची ते ते बघतील. माझा हात आता पाकिटापर्यंत पोचतोय, डबा अजून पोरगाच काढतोय.

आपला एक वाचक,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर